विटा रचण्याआधी वॉर्डात एक फेरी

सरकारी रुग्णालयाच्या नव्या इमारतीची फीत कापली जाते आणि आठवडाभरात सुतार, गवंडी आणि वायरमन पुन्हा बोलावले जातात. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते. पण स्ट्रेचरच्या उशाशी उभा राहून अंबू बॅग दाबणारा डॉक्टर आणि ऑक्सिजनचा सिलिंडर धरलेला वॉर्डातला मामा यांच्यासकट मावत नाही. हात धुण्याचे बेसिन दाराच्या मागे आलेले असते; दार उघडे असले की ते कोणाला दिसतच नाही. प्लग पॉइंट खाटेच्या पायथ्याशी असतात आणि मॉनिटर उशाशी लागतो. मग एक एक्स्टेन्शन बोर्ड येतो, काही दिवसांनी त्यावर दुसरा बोर्ड चढतो. शौचालयाचे दार आतल्या बाजूला उघडते. एखादे आजोबा आत चक्कर येऊन दाराला टेकून पडले, तर बाहेरच्यांना ते दार ढकलता येत नाही. एकेक चूक सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. पण ती पुढची चाळीस वर्षे, दिवसातून शंभर वेळा, कोणाला ना कोणाला भोगावी लागते.

ही चूक कोणाची, असे विचारले की अभियंता नकाशाच्या कोपऱ्यातली सही दाखवतो. सही वैद्यकीय अधीक्षकांची किंवा विभागप्रमुखांची असते. ती खरीच असते, पण ज्याने ती केली त्याला त्या निळ्या-काळ्या रेघांमधून खोली दिसली होती का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. एक्स-रे वाचायला जशी वर्षे लागतात तसाच नकाशा वाचणे हाही शिकून येणारा प्रकार आहे. कागदावर दार म्हणजे एक रेघ आणि एक पाव वर्तुळ. त्या पाव वर्तुळात उद्या ड्रेसिंगची ट्रॉली अडणार आहे, हे शस्त्रक्रियेत निष्णात असलेल्या माणसालाही समजेलच असे नाही. आणि ज्यांना वॉर्डातला इंच न् इंच ठाऊक असतो त्या इन्चार्ज सिस्टर, मामा, मावशी, सफाई कामगार यांच्यापुढे हा नकाशा बहुधा येतही नाही.

अभियंत्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. रुग्णालयाचे प्रमुख दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. एकाला अतिदक्षता विभाग पहिल्या मजल्यावर हवा असतो, दुसऱ्याला तळमजल्यावर. तोंडी सूचना होतात आणि कागदावर काही उरत नाही. इमारत उभी राहीपर्यंत मागणी करणारा साहेब दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. सार्वजनिक बांधकाम विभागाला दोष देणे सोपे आहे, पण ‘नेमके काय हवे’ हे वैद्यकीय बाजूने त्यांना नीट सांगितले गेले, असे फार थोड्या ठिकाणी घडले असेल.

या दोन बाजूंमध्ये पूल बांधू शकतील अशी दोन साधने आता हाताशी आहेत आणि दोन्ही नवलाईची राहिलेली नाहीत. पहिले साधन म्हणजे ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, थोडक्यात ‘बिम’. इमारतीची संगणकात उभी केलेली ही प्रतिकृती असते, मात्र ती नुसते चित्र नसते. तिच्यातल्या दाराला स्वतःची रुंदी, ते आगीला किती मिनिटे दाद देणार नाही, त्याची किंमत किती, हे सारे चिकटलेले असते. ऑक्सिजनची नळी, सांडपाण्याचा पाइप, विजेची केबल आणि तुळई एकाच प्रतिकृतीत असल्यामुळे पाइप तुळईतून आरपार जात असेल तर संगणक तिथेच बोट ठेवतो. एरवी ही टक्कर जागेवर कळते आणि मग कोणीतरी तुळई फोडतो, नाहीतर पाइपला नको तिथे वळण देतो. या कल्पनेवर चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकातच काम सुरू केले होते. ब्रिटनच्या केंद्र सरकारने २०१६ पासून आपल्या बांधकामांसाठी ही पद्धत आवश्यक केली. महाराष्ट्रालाही ती नवी नाही: नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने ‘बिम’ वापरले. मेट्रोच्या स्थानकासाठी जे जमले, ते शंभर खाटांच्या रुग्णालयासाठी अवघड मानण्याचे कारण नाही.

दुसरे साधन ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’, म्हणजे आभासी वास्तव. डोळ्यांवर चढवायच्या या पडद्याचा पहिला नमुना आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. आजचा हेडसेट एका बऱ्यापैकी मल्टिपॅरा मॉनिटरच्या किमतीत येतो. ‘बिम’ची प्रतिकृती त्यात भरली की न बांधलेल्या वॉर्डात माणूस उभा राहू शकतो, वळू शकतो, वाकून खाटेखाली पाहू शकतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ च्या सुमारासच रुग्णाच्या खोलीची रचना बांधण्याआधी अशा आभासी खोलीत शिरून तपासण्याचे प्रयोग मांडले होते.

इथे सगळे अवलंबून आहे ते हेडसेट कोणाच्या डोळ्यांवर चढतो यावर. आज ही यंत्रे बहुतेक वेळा भूमिपूजनाच्या मंडपात दिसतात. पाहुणे चष्मा लावतात, ‘वा!’ म्हणतात, फोटो निघतो. त्या प्रतिकृतीत बाग हिरवीगार असते, काचेतून सोनेरी ऊन येत असते आणि स्वागतकक्षात तीन-चार सडपातळ माणसे उभी असतात. ही जाहिरात झाली. तिचा रुग्णाला काडीचा उपयोग नाही.

तोच हेडसेट पंचवीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टरच्या डोळ्यांवर चढवून तिला एक काम सांगावे: ‘बारा नंबरच्या खाटेवरच्या पेशंटची नाडी लागत नाही, क्रॅश कार्ट आणा.’ ती वळेल आणि कार्ट कुठे ठेवली आहे ते शोधेल. दोन खाटांमधून कार्ट आत घ्यायला जाईल तेव्हा मध्ये लॉकर येईल. नर्सिंग स्टेशनवर बसून कोपऱ्यातल्या चार खाटा दिसतच नाहीत, खांब आडवा येतो, हेही तिला मिनिटभरात समजेल. मावशीला भरलेले बेडपॅन घेऊन चालायला लावले की ती ज्या वाटेने जाते त्याच वाटेने जेवणाची ट्रॉली येते, हे उघडे पडेल. सफाई कामगार विचारेल की बादली कुठे भरायची आणि मॉप कुठे वाळत घालायचा. या दोन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच नकाशांत नसतात. आणि कोणीतरी खाटेवर आडवे होऊन चष्मा लावावा. रुग्णाला चोवीस तास काय दिसणार आहे ते तेव्हाच कळते. बहुतेकदा थेट डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट दिसते. रॉजर उल्रिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास जुना आणि लहान आहे, पण बोलका आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणाऱ्या २३ रुग्णांची तुलना विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांशी केली, तेव्हा झाडे पाहणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले आणि भिंत पाहणारे ८.७० दिवसांत. तीव्र वेदनाशामकेही पहिल्या गटाला कमी लागली.

मात्र रिकाम्या वॉर्डात फिरून काहीच सिद्ध होत नाही. साठ खाटांच्या वॉर्डात पावसाळ्यात नव्वद रुग्ण असतात, हे सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. खाटांच्या मधल्या जागेत गाद्या पडतात, व्हरांड्यात पडतात. प्रत्येक रुग्णामागे एक नातेवाईक असतो, त्याची पिशवी असते, डबा असतो आणि खिडकीच्या गजांना वाळत घातलेला टॉवेल असतो. प्रतिकृतीत हे सगळे भरले पाहिजे. साठ खाटांची प्रतिकृती साठ रुग्णांसह दाखवणारा सल्लागार खोटे बोलत नसेल, पण तो दुसऱ्याच कुठल्यातरी देशातले रुग्णालय दाखवत असतो. नातेवाइकाला बसायला, झोपायला, डबा धुवायला जागा दिली नाही तर तो ती जागा शोधतोच. जिन्याच्या पायऱ्यांवर शोधतो आणि आगीच्या वेळी तोच जिना लागतो.

आगीचा विषय टाळता येत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली. आत १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात ११ रुग्णांचा जीव गेला. आग कशाने लागली हा चौकशीचा भाग आहे. रचनेपुढचा प्रश्न वेगळा आहे: आग लागल्यावर किती वेळ मिळतो आणि तेवढ्या वेळात किती जणांना बाहेर नेता येते? समजा, वीस बाळांचा कक्ष आहे आणि रात्रपाळीला दोन सिस्टर आहेत. एकीला एका वेळी फार तर दोन बाळे उचलता येतील, म्हणजे प्रत्येकीच्या पाच फेऱ्या. दार एकच असेल, ते लांबच्या कॉरिडॉरमध्ये उघडत असेल आणि मध्ये मोडक्या खाटांचा ढीग असेल, तर धूर या पाच फेऱ्या होऊ देतो का? धूर खोलीत कसा पसरतो याचे गणित करणारी प्रणाली अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने तयार केली आहे आणि ती फुकट मिळते. तिचे उत्तर प्रतिकृतीत भरून, दिवे घालवून, सिस्टरला त्या धुरात चालायला लावता येते. एवढे केल्यावर दुसऱ्या दाराचा खर्च अंदाजपत्रकातून वगळण्याची हिंमत कोण करील?

आता या साधनांना काय जमत नाही, त्याबद्दल. हेडसेटमध्ये अंतरे खऱ्यापेक्षा कमी भासतात, हे प्रयोगांत वारंवार आढळले आहे. म्हणजे प्रतिकृतीत अरुंद वाटलेली वाट प्रत्यक्षात पुरेशी असू शकते. मोजमाप डोळ्यांनी न करता आकड्यांनीच करावे. काहींना दहा मिनिटांत मळमळते. आभासी ट्रॉलीला वजन नसते, त्यामुळे रॅम्पचा चढ किती दमवतो हे कळत नाही. त्यासाठी खऱ्या रॅम्पवर खरी ट्रॉली ढकलावी लागते. म्हणूनच अमेरिका-युरोपातली काही रुग्णालये मोकळ्या गोदामात पुठ्ठ्याच्या भिंती उभारून, खऱ्या खाटा आत ढकलून पाहतात. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयासाठी हेडसेट मिळत नसेल तर शाळेच्या मैदानावर फक्कीने वॉर्डाचा आराखडा आखावा, खाटा मांडाव्यात आणि एक सकाळ काम करून पाहावे. निम्म्या चुका तिथेच सापडतील.

डोळ्यांना न दिसणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हवा. एडिंबरोतल्या लहान मुलांच्या नव्या रुग्णालयाची कथा या बाबतीत डोळे उघडणारी आहे. जुलै २०१९ मध्ये, जुन्या इमारतीतून मुलांना हलवायला काही दिवस उरले असताना, स्कॉटलंडच्या आरोग्यमंत्र्यांनी ते थांबवले. अतिदक्षता विभागात तासाला दहा वेळा हवा बदलायला हवी होती. यंत्रणा चार वेळा बदलण्याइतकीच बांधली गेली होती. चौकशीत चुकीचा माग काही वर्षांपूर्वीच्या एका तक्त्यापर्यंत गेला. त्या तक्त्यात आकडाच चुकीचा भरला होता आणि तो एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरत राहिला. दुरुस्ती होऊन पूर्ण रुग्णालय सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडला. त्या खोल्यांत चष्मा लावून कोणी तासभर फिरले असते तरी त्याला काही खटकले नसते. रंग छान, खाटा छान. ‘बिम’मध्ये मात्र प्रत्येक खोलीला तिचा हवेचा आकडा चिकटवता येतो आणि प्रमाणित नियमाशी आपोआप ताडून पाहता येतो. तेही नियमाचा आकडा बरोबर भरला तरच. चुकीचा आकडा भरलेली प्रतिकृती ती चूक अधिक सुबकपणे पुढे नेते. म्हणून संसर्गनियंत्रण समितीच्या डॉक्टरने खोलीगणिक आकडे स्वतः वाचून सही करावी. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात फोटो निघत नाही, आणि चष्म्यापेक्षा ते जास्त जीव वाचवील.

क्षयरोगाचे ओझे असलेल्या राज्यात हवेचा हा मुद्दा एडिंबरोइतकाच, किंबहुना जास्त, लागू आहे. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ चे, पुण्याचे ससून १८६७ चे. त्या काळच्या वॉर्डांची उंच छते, समोरासमोर खिडक्या आणि रुंद व्हरांडे यांकडे आज ‘हेरिटेज’ म्हणून पाहिले जाते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये रुग्णालयांवर पुस्तक लिहिले तेव्हा मोकळ्या हवेचा आग्रह त्यात मुख्य होता. त्यांची रोगाबद्दलची समजूत पुढे मागे पडली, आग्रह मात्र खरा ठरला. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत केलेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचा पुरावा देतो. दारे-खिडक्या पूर्ण उघडल्यावर नैसर्गिक वायुवीजनाच्या खोल्यांत हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत हा आकडा १२ होता. त्यातही १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत तो ४० पर्यंत गेला, तर नंतरच्या इमारतींत १७ वर थांबला. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नैसर्गिक वायुवीजनाची मापे दिली: सर्वसाधारण वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर, हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या खोलीत १६०. आपल्याकडे आता खिडक्या बंद करून भिंतीला स्प्लिट एसी लावले जातात. ते तीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतात. संगणकीय प्रतिकृतीत वाऱ्याची दिशा भरून खिडक्यांच्या जागा ठरवता येतात, हे गणित आज सहज होते. करायचे मनात आणायला हवे, एवढेच.

वुहानमध्ये २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सुमारे हजार खाटांचे हुओशेनशान रुग्णालय दहा-बारा दिवसांत उभे राहिले, त्यात ‘बिम’चा वाटा होता, हे कौतुकाने सांगितले जाते. त्यामागे २००३ च्या सार्स साथीत बीजिंगला बांधलेल्या शियाओतांगशान रुग्णालयाचे जपून ठेवलेले नकाशे होते, हे मात्र कमी सांगितले जाते. जुने शहाणपण जपून ठेवले होते म्हणून घाई साधली.

जपून ठेवण्यात आपण कच्चे आहोत. इमारत ताब्यात आली की नकाशांचे भेंडोळे कपाटात जाते, पुढे वाळवी खाते. ऑक्सिजनची मुख्य पाइपलाइन कुठल्या फॉल्स सीलिंगवरून गेली, तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह कुठे, कुठला एमसीबी कुठल्या वॉर्डाचा, हे एका वायरमनला आणि एका प्लंबरला ठाऊक असते. ते निवृत्त झाले की रुग्णालय आंधळे होते. रात्री दोनला गळती लागली तर व्हॉल्व्ह शोधण्यात मिनिटे जातात. ‘बिम’चा खरा लाभ इथे आहे, बांधकाम संपल्यानंतरच्या चाळीस वर्षांत. त्यासाठी निविदेतच लिहून घ्यायला हवे की अखेरची, प्रत्यक्ष बांधकामाबरहुकूम दुरुस्त केलेली प्रतिकृती रुग्णालयाच्या मालकीची राहील, आणि ती ‘आयएफसी’सारख्या खुल्या प्रकारात दिली जाईल, जी कुठल्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अडून राहत नाही. नाहीतर दर वर्षी परवान्याचे पैसे भरा, नाहीतर स्वतःच्याच इमारतीला मुका, अशी अवस्था होईल. प्रत्येक रुग्णालयात ही प्रतिकृती चालवू शकणारा आणि भिंत हलली की त्यात नोंद करणारा एक माणूसही लागेल. हे पद मंजूर केल्याशिवाय सॉफ्टवेअर विकत घेऊ नये. न वापरलेल्या यंत्रांनी भरलेल्या खोल्या आधीच पुष्कळ आहेत.

वेळेचाही प्रश्न आहे. तांत्रिक मंजुरी झाली, निविदा निघाली, कंत्राटदार आला, की बदल म्हणजे वाढीव खर्च, आणि वाढीव खर्च म्हणजे फाइल. तेव्हा प्रतिकृतीतली फेरी तांत्रिक मंजुरीच्या आधीच व्हायला हवी. एकदा दिवसाच्या कामासाठी आणि एकदा रात्रपाळीसाठी, कारण रात्री माणसे कमी असतात आणि दिवे अर्धे असतात. फेरीत अतिदक्षता, प्रसूतिकक्ष, अपघात विभाग आणि शवागाराकडे जाणारी वाट एवढे तरी असावे. शेवटची वाट ओपीडीच्या रांगेतून जाणार नाही, हे पाहणारे सहसा कोणी नसते. सिस्टर, मामा, मावशी, सफाई कामगार, तंत्रज्ञ आणि व्हीलचेअर वापरणारा एक रुग्ण यांची प्रत्येक हरकत प्रतिकृतीत त्या जागेवर तारखेसह नोंदवावी, आणि तिच्याखाली अभियंत्याने उत्तर लिहावे: मान्य, किंवा अमान्य आणि का. अधीक्षक बदलले, अभियंता बदलला, तरी हरकत जागेवर राहते. बेसिन दाराच्या मागे येते आहे असे सिस्टरने लिहिले होते आणि तरी ते तिथेच बांधले गेले, तर निदान ते कोणाच्या उत्तरावरून बांधले गेले हे तरी वाचता येईल.